उजवीकडून लिहिणारी निब

निबेवर ‘फाइन’ असं कोरलेलं असतं. त्या अक्षरांवर विश्वास ठेवून पेन घेणाऱ्या माणसाला मी शहाणा समजत नाही. कुणाचं फाइन? जपान्याचं फाइन म्हणजे केस. जर्मनाचं फाइन म्हणजे सुतळी. आपल्या देशी कारखान्याचं फाइन म्हणजे सकाळी एक आणि दुपारी दुसरंच. एका डबीतल्या दोन निबा एकमेकीला ओळख देत नाहीत. हे मी मानवतच्या बसस्टँडासमोर लाकडी टपरीत बसून पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो. ऐकणारे थोडे, मान हलवून पुन्हा तेच करणारे जास्त.

संपादकांनी बजावलंय की कंपन्यांची नावं घालू नका, भानगड होते. नाही घालत. नावांनी काही अडत नाही. ज्याला निब कळते त्याला नाव लागत नाही, आणि ज्याला कळत नाही तो नावच विकत घेतो. दुसरी गोष्ट, मी चौथीपर्यंत शिकलो. माझं अक्षर इतकं वाईट आहे की हा लेख सुनेनं उतरवून काढला. मधे मधे ती माझं बोलणं सुधारायला लागली तेव्हा मी कागद ओढून घेतला. पेनाच्या बाबतीत मला सुधारणारा अजून भेटायचाय, असं मी तिला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही, पण ते पुढं सांगतो.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा कळत नाही म्हणून आधी थोडं सांगतो. निब म्हणजे पत्र्याची चोच. मधून एक चीर. चिरेतून शाई उतरते. टोकाला कठीण धातूचा एक मणी वितळवून बसवलेला असतो, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक. लिहितो तो मणी, बाकी सगळा नुसता थाट. कुणी निबेवर सोन्याचं पाणी देतो, कुणी फुलं कोरतो, कुणी सिंह काढतो. सिंहानं अक्षर काढलेलं मी अजून बघितलं नाही.

गिऱ्हाईक टपरीवर आलं की पेन उचलतं आणि कागदावर ‘श्री’ काढतं. श्रीत काय कळतंय? श्री खिळ्यानंही काढता येतो. मग सही करतं. सही तर माणूस झोपेतही करील. आणि मग म्हणतं, “हां, भारी चालायलंय.” माझी परीक्षा वेगळी. वीतभर लांब शिरोरेषा, एका दमात, हात न उचलता. मग तिच्याखाली ‘थ’, ‘घ’, ‘क्ष’, ‘ळ’. शिरोरेषेत निब कुठं अडखळते ते कळतं, आणि ‘थ’, ‘घ’ची पोटं बुजली की जाडी कळते. पन्नास वर्षं मी सगळ्या मुलखाच्या निबा या एका परीक्षेला बसवल्या आणि त्यांचे नंबर लावले.

पहिला नंबर जपानी. तिची शिरोरेषा बघितली की वाटतं कोळ्यानं धागा सोडला. नखरे फार. शाळेच्या वहीचा हलका कागद दिला तर त्याचे तंतू उचलते, चिरेत अडकवते आणि मग प्रत्येक अक्षराला मिशी काढते. पण चांगल्या कागदावर तिच्यासारखी तीच. दुसरा नंबर जुन्या अमेरिकन सोन्याच्या निबेचा. मऊ. हलक्या हाताला छान वळते, जड हाताखाली फाकते. आणि आपल्याकडं आता हात जडच उरलेत. बॉलपेनानं सगळ्यांचे हात नासवले. लोक कागदावर लिहीत नाहीत, कागद दाबून ठार करतात. तिसरी जर्मन. तेल लावल्यासारखी चालते, पण जाड. तिकडचे लोक अक्षरं सुटी आणि मोकळी काढत असतील. आपल्याकडं एका अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायात उकार, कडेला वेलांटी. एवढं सामान एका ओळीत बसवायचं तर सुतळी कामाची नाही. चौथी चिनी. तिचं काही सांगता येत नाही. एखादी अशी निघते की जपान्यानं तोंड लपवावं, बाकीच्या घरी नेईपर्यंत रुसतात.

आणि शेवटी आपली देशी. तिच्या टोकाला मणी नाही, हरभरा असतो. गोल गरगरीत. कुठल्याही बाजूनं धरा, सारखीच बथ्थड. चाल नाही, ढब नाही. ज्याला निबेतलं काही कळत नाही त्याला मी ती देत आलो आणि तो खूश होऊन जात आला. त्यावरून मला दोघांचीही किंमत कळत आली.

परभणीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. मखमलीच्या डबीत जर्मन पेन. म्हणाले, “यावर फाइन लिहिलंय. तरी जाड का उमटतं?”

मी म्हटलं, “सर, हे त्यांच्या गावचं फाइन हाय.”

“तुमचं शिक्षण किती झालंय?”

“चौथी.”

त्यांनी पेन उचललं, डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन लावली. इतक्या काळजीनं की मी जणू ती हिसकावून घेणार होतो. मला तीन मिनिटांचं काम होतं. आजही ते सुतळीनंच सही करत असतील.

दुसरा एक दातांचा डॉक्टर. तरुण, बोलायला गोड. मोबाइलवर परदेशातले लोक निबा घासताना बघायचा आणि येऊन मला शिकवायचा. एक दिवस त्यानं आपल्या जपानी निबेला दवाखान्यातलं दात कोरायचं मशीन लावलं. माझ्याकडं आला तेव्हा मणी गायब. नुसता पत्रा उरलेला.

“काका, दोन मिनिटं इतकी स्मूथ झाली होती हो!”

मी म्हटलं, “झाली आसंल की. दाढ उपटल्यावर दुखायचं थांबतंयच ना डॉक्टरसाब.”

ही गोष्ट मी टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. लय हसलो. पण त्या डॉक्टरानं निदान स्वतःची निब बिघडवली होती.

आमच्या गावात हमीद मुनशी म्हणून आहेत. वय ऐंशीच्या घरात. जन्मभर कचेरीच्या बाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. निजामाच्या काळातले उर्दू कागद घेऊन लोक आजही त्यांच्या दारात उभे असतात, कारण ते वाचणारं माणूस गावात दुसरं उरलं नाही. मोहल्ल्यातली एक रीत आहे. निकाह काझीसाब पढवतात, पण निकाहनाम्याचा कागद मुनशीजींच्या हातचा. दोन पिढ्यांचे कागद त्यांच्या अक्षरातले. मराठी अर्ज ते बॉलपेनानं लिहायचे. उर्दूसाठी मात्र एक वेगळं काळं पेन, जुन्या जर्मन निबेचं. अलीकडं बोटं आखडल्यामुळं बॉलपेन त्यांना दाबवत नाही. ते काळं पेन मात्र कागदावर नुसतं टेकवलं की आपल्या वजनानं चालायचं. त्यांच्या हातात लिहिणं उरलं होतं ते तेवढ्या एका पेनापुरतं.

दोन वर्षांमागं एका गुरुवारी त्यांचा मुलगा सलीम ते पेन घेऊन आला. सलीम एसटीत कंडक्टर आहे.

“काका, अब्बाचं पेन हाय. शाई वाळून बसली. निस्तं साफ करून द्या. रविवारी आमच्या शबानाचा निकाह हाय, कागद अब्बाच लिहिणार. नातीचा हाय म्हणून सकाळपासून धरलंय त्याइनी, पेन आण, पेन आण.”

निस्तं साफ करा असं तो म्हणाला होता, हे मी कबूल करतो.

मी पेन खोललं. कोमट पाण्यात टाकलं. निब आणि तिच्या खालची काळी जीभ ब्रशानं धुतली, पुसली, जोडली, शाई भरली. काम झालं होतं. पण माझी सवय. कागद ओढला आणि वीतभर शिरोरेषा मारली. निब खर्रकन ओरडली. भिंगातून बघितलं तर मणी एका अंगानं झिजून तिरका झालेला, सपाट. मी मनात म्हटलं, बघा, एवढा मुनशी, आणि निबेची काय दशा करून ठेवलीय. कधी पडली असंल, कधी दगडावर घासली असंल. मी बारीक पॉलिश पेपर काढला आणि बसलो घासायला. तिरपेपणा काढला, कडा मोडल्या, सगळीकडून गोलाई दिली. पुन्हा शिरोरेषा ओढली. काय सांगू, रेशीम. संध्याकाळी सलीमला पेन देताना मी वर मिरवलं, “निबेचंबी काम करून टाकलं म्हणावं. माझ्याकडून, नातीच्या लग्नाला.”

शुक्रवारी सकाळी मुनशीजी स्वतः आले. सलीमच्या खांद्यावर हात ठेवून. टपरीसमोरच्या बाकड्यावर बसले, दम घेतला आणि खिशातून पेन काढलं.

“गणपतराव, मेरा पेन कौन चलाया?”

“मीच चालवलं. लय खराब झालं व्हतं, मुनशीजी. आता बघा.” मी शिरोरेषा ओढून दाखवली.

“हौ. तुमारी तरफ से अच्छा चलता. अब मेरी तरफ से देखो.”

त्यांनी कागद जवळ घेतला आणि उजवीकडून एक ओळ सुरू केली. दुसऱ्याच अक्षराला निब कागदात रुतली. पुढं सरकली, शाई थुंकली, पुन्हा रुतली. त्यांनी पेन उचललं. कागदावर ओळ नव्हती, कोंबडं नाचून गेल्यासारखं दिसत होतं.

मी म्हटलं, “कागद हलका हाय.” दुसरा दिला. तेच. म्हटलं, “शाई दाट झाली.” शाई बदलली. तेच. मग माझ्या तोंडून गेलं, “मुनशीजी, हात थरथरायलाय तुमचा.”

सलीमनं मान वळवली. मुनशीजी मात्र शांत. म्हणाले, “हात अस्सी साल का है. परसों बी अस्सी सालकाच था. निब बदली है.”

मी पेन हातात घेतलं आणि भिंग लावलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मराठीत आपण डावीकडून उजवीकडं जातो. हात पुढं, निब मागून ओढली जाते. उर्दूत उजवा हात डावीकडं जातो, निब पुढं ढकलली जाते. चाळीस वर्षं ढकलून ढकलून त्या मण्याला त्यांच्या हातानं एक उतार आणला होता. त्या उतारावरून ती त्यांच्या बाजूनं घसरत होती आणि माझ्या बाजूनं ओरडत होती. तिला काही झालं नव्हतं. ती माझी नव्हती, एवढंच. चाळीस वर्षांनी केलेली ती जागा मी चहा निवायच्या आत घासून टाकली. आणि आता पुन्हा उतार द्यावा तर मण्यात धातूच उरला नव्हता.

“चालीस साल में मैं उसको सिखाया था गणपतराव,” ते म्हणाले. “तुम एक दिन में भुला दिए.”

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

दुपारी जेवताना मंडळीला सांगितलं. ती भाकरी वाढत होती. म्हणाली, “त्याइनी निब करा म्हटलं व्हतं का?”

“न्हाई.”

“मग?”

 अर्धी भाकर टाकून उठलो.

जुम्म्याची नमाज झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सोबत माझी डबी, भिंग, पॉलिश पेपर. त्या पेनाच्या तोंडात बसतील अशा पाच मुलखांच्या पाच बारीक निबा काढून ठेवल्या होत्या. घरात लग्नाची गडबड. बायका मेंदीचं बघत होत्या, अंगणात पोरं खुर्च्या मांडत होती. शबानानं आम्हाला चहा आणून दिला आणि आजोबांना विचारलं, “दादा, हुआ क्या पेन?”

“होता है बेटा. डॉक्टर घर पे आए हैं.”

मी पहिल्यांदा जपानी बसवली. माझी पहिल्या नंबरची. मला खात्री होती. मुनशीजींनी पेन टेकवलं आणि त्या कोळ्याच्या धाग्यानं कागदाचा तुकडाच उपसून काढला. मी म्हटलं, “पुन्हा लिहा, नीट धरा.” त्यांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहायला लावलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. “निकाहनामा लिखना है गणपतराव, कशीदा नहीं काढना.”

अमेरिकन बसवली. ढकलताना तिचे दोन्ही पाय फाकले आणि एका रेघेच्या दोन झाल्या. जर्मन चालली, मी सुटकेचा श्वास सोडला. मुनशीजींनी कागद माझ्यासमोर धरला. “ये नुक्ते देखो.” उर्दूत अक्षराच्या वरखाली ठिपके असतात, कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन. त्या ठिपक्यांवरूनच अक्षर ओळखायचं. जर्मन निबेनं दोन ठिपक्यांचा एक गोळा केला होता. “दो के एक हो गए. नाम बदल जाता इससे. दूल्हा कोई और निकलेगा.” पडद्याआडून बायका हसल्या. मला हसू आलं नाही. चिनी तर लिहायलाच तयार नव्हती.

उरली देशी. ती मी नुसती संख्या भरायला आणली होती. बसवायलाही हात जाईना. मुनशीजीच म्हणाले, “वो एक रह गई.”

“ती तुमच्या कामाची न्हाई.”

“किसके काम की है?”

मी ती बसवली. त्यांनी ओळ सुरू केली. निब आवाज न करता डावीकडं गेली. हरभऱ्यासारखा मणी, त्याला ना उजवं ना डावं. ढकला की ओढा, तो घरंगळत गेला. ठिपकेही सुटे पडले. जरा जाड, पण सुटे. ज्या बथ्थडपणाला मी पन्नास वर्षं शिव्या दिल्या, तोच तिथं कामाला आला. मी लावलेले नंबर एका बाजूनं लिहिणाऱ्या माणसाचे होते. दुसरी बाजू आहे हे गावात राहून, रोज उर्दूच्या पाट्यांसमोरून जाऊनही, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी म्हटलं, “थोडी बारीक करतो.” आणि सवयीनं कागदावर शिरोरेषा ओढायला गेलो. मुनशीजींनी माझं मनगट धरलं. हाडं लागत होती त्यांच्या हाताची, पण पकड अजून मुनशीची. माझा हात उचलून त्यांनी कागदाच्या उजव्या कडेला नेला आणि तिथून डावीकडं ढकलला. अलिफ काढला, बे काढला, त्यांच्या लिपीतली पहिली दोन अक्षरं. माझ्या हातातल्या निबेनं कागदाला कुठं बोचलं, ते मला बोटाच्या टोकात कळलं. भिंगातून पन्नास वर्षांत असं काही कळलं नव्हतं.

मग आम्ही तसंच केलं. त्यांनी एक ओळ लिहायची, मी दोनदा घासायचं, मी उजवीकडून एक रेघ मारायची, पुन्हा त्यांनी लिहायचं. दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजेपर्यंत तेच चाललं. मधे दोनदा मी म्हटलं, “झालं.” दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, “और जरा.” माझ्या कामाला ‘और जरा’ म्हणणारा माणूस मी टपरीवरून हाकलून दिला असता. तिसऱ्यांदा त्यांनी शबानाचं नाव लिहिलं, कागद दूर धरून बघितला आणि टोपण लावलं.

रविवारी मला जेवायचं आमंत्रण होतं. काझीसाबांच्या शेजारी मुनशीजी बसले. समोर नमुन्याला सलीमचा जुना निकाहनामा ठेवला होता, त्यांच्याच हातचा. नवा कागद लिहून झाला. अक्षर बघून लोक म्हणाले, “क्या खत है मुनशीजी, वैसाच है.” वैसाच नव्हतं. जुन्या कागदावर प्रत्येक अक्षराची शेपटी बारीक होत होत संपत होती, निबेनं श्वास सोडल्यासारखी. नव्यावर ती शेवटपर्यंत सारखी जाड आणि एकदम तुटलेली. सगळ्या मांडवात हे दोघांनाच दिसत होतं. मुनशीजींनी माझ्याकडं बघितलं, मग दोन्ही कागद एकावर एक ठेवले, नवा वर.

सोनपेठहून आलेले नवऱ्याचे चुलते, उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, पुढं झुकून म्हणाले, “पेन किसका है, मुनशीजी?”

“इनों बनाए,” असं म्हणून त्यांनी बोट माझ्याकडं केलं.

आयुष्यभर असं बोट माझ्याकडं वळावं म्हणून मी लोकांशी भांडलो. त्या दिवशी ताटाकडं बघत बसलो. मास्तरांनी मात्र खिशातून आपलं पेन काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

“मेरेकू बी ऐसाच करके देव. निब खराब लिखती.”

मी पेन हातात घेतलं नाही. म्हटलं, “आधी तुमी बसून एक पान लिहून दाखवा. मी बघतो.”

त्यांचा चेहरा उतरला. “मैं क्या इस्कूल का छोरा हूँ क्या?”

“तुमी न्हाई साब,” मी म्हटलं. “मी हाय.”